पीस वाजलं कसं?

काकांनी लबाडी केली ती आळसापोटी, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा पिसाच्या देठात शिशाची तार घालून दाखवावी. आठ दिवस जातात! देठ सुईनं आतून पोखरायचा, पण तो फाटता कामा नये. केसाएवढी बारीक तार चिमट्यानं आत सरकवायची. मग नखं कापायच्या कात्रीनं पिसाच्या दोन्ही कडा थोड्याथोड्या छाटायच्या, म्हणजे हवा कमी अडेल, पण लांबून बघणाऱ्याला पीस पीसच वाटेल. मग स्टुलावर चढून ते पीस आणि एक नाणं एकदम सोडायचं आणि कोण आधी पोचलं ते कान टवकारून ऐकायचं. पुन्हा उतरायचं, पुन्हा कातरायचं, पुन्हा चढायचं. एवढे कष्ट पंप दुरुस्त करून घेण्यात घातले असते तर? अहो, तेही घातले होते. तीच तर रड आहे सगळी.

काका म्हणजे विज्ञान केंद्रातले प्रयोगवाले काका. सव्वीस वर्षं एकाच मंचावर, एकाच निळ्या कोटात. शाळांच्या सहली, आजी-आजोबा, रविवारी कुठंतरी जायचं म्हणून आलेली कुटुंबं, या सगळ्यांना ते भौतिकशास्त्र डोळ्यांदेखत करून दाखवत. त्यांचा हुकमी एक्का म्हणजे पिसाचा प्रयोग. माणसाच्या उंचीची काचेची नळी, आत एक नाणं आणि एक पीस. नळी उलटी केली की नाणं टक् करून खाली, आणि पीस येतंय आपलं डुलत-डुलत, जावई सासुरवाडीला यावा तसं. मग पंप लावून नळीतली हवा काढून घ्यायची, नळी पुन्हा उलटी करायची, आणि बघा! नाणं आणि पीस बरोबरीनं तळाला. अडवायला हवा नसेल तर जड काय नि हलकं काय, सगळं सारख्याच वेगानं पडतं. शेवटी तोटी उघडायची, सुस्स करून हवा आत शिरायची आणि पीस पुन्हा डुलायला मोकळं. त्या सुस्सला पोरं हमखास हसायची.

चौदा महिन्यांपूर्वी पंपाची आतली पाती झिजली. मोटर फिरायची, घरघर तर अशी की छप्पर उडेल, पण हवा म्हणून ओढायचा नाही. आवाज भरपूर आणि काम शून्य. केंद्रात असं चालणारं ते एकटंच नव्हतं म्हणा, पण बाकीच्यांना बसायला खुर्च्या होत्या.

काकांनी अर्ज केला. कार्यालयात कुणीतरी त्यातला 'पंप' तेवढा वाचला आणि अर्ज नळदुरुस्तीकडे धाडून दिला. महिन्याभरानं नळवाला आला, पाना घेऊन पंपाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि कागदावर शेरा मारून गेला, 'यातून पाणी येत नाही. काढून टाकावा.' काकांनी दुसरा अर्ज केला. त्यात 'हवेचा पंप' असं ठळक अक्षरांत लिहिलं. उत्तर आलं की सायकलीत हवा भरण्याची सोय फाटकाजवळ केलेली आहे. तिसऱ्या अर्जाचं उत्तर अजून यायचंय.

आता तुम्ही म्हणाल, पंप येईपर्यंत प्रयोग बंद ठेवायचा होता. ठेवला असता हो. पण मध्ये नवे संचालक आले. हे गृहस्थ आधी गाद्या बनवणाऱ्या कंपनीत मोठे साहेब होते. उभा जन्म लोकांना झोपवण्यात घालवला आणि इथं आल्यावर एकच ध्यास घेतला, प्रेक्षक झोपता कामा नये. त्यांनी मंचावर धूर आणला, रंगीत दिवे आणले, प्रत्येक प्रयोगाला ढॅण्टॅढॅण असं संगीत लावलं. भिंतीवर टाळ्या मोजायचं यंत्र बसवलं. त्याचा आकडा लाल दिव्यांत दिसायचा आणि ज्या प्रयोगाचा आकडा नव्वदच्या खाली, तो प्रयोग बंद. पाण्याच्या धारेबरोबर प्रकाश वाकवून दाखवायचा एक सुंदर प्रयोग असाच साठावर मेला. लोक बघता बघता इतके गप्प झाले की टाळ्या वाजवायच्या राहूनच गेल्या.

"काका, हा सगळा सहभागाचा मामला आहे," संचालक म्हणायचे. "तुमचं पीस थांबलं ना, की त्या जागी मी फोटो काढायचा कोपरा करणार. सांगून ठेवतो."

म्हणून मग शिशाची तार. एकाच्या दोन नळ्या झाल्या. डावीकडची 'हवेची', तिच्यात साधंसुधं पीस. उजवीकडची 'बिनहवेची', तिच्यात हे तयार केलेलं. पंप घरघरायचा, संगीत ढणढणायचं, काका हात उंच करून नळी उलटी करायचे, आकडा पंच्याण्णववर जायचा. तोटी उघडून सुस्स करायचा भाग तेवढा काकांनी गुपचूप गाळला. सुस्स व्हायला आत हवा शिरावी लागते आणि ती तर कुठं गेलीच नव्हती.

चौदा महिन्यांत हजारो लोकांनी बघितलं, एकाच्याही लक्षात आलं नाही. एक निवृत्त प्राध्यापक तर उजवीकडच्या नळीवर बोट वाजवून म्हणाले, "वा! हवा कशी अगदी निपटून काढलीय!" पहिल्या वेळी काकांना दरदरून घाम फुटला होता. दहाव्या वेळी फुटला नाही. शंभराव्या वेळी ते पहिल्या रांगेकडे बघून डोळे मिचकावत होते. स्वतःची समजूतही छान घातली होती त्यांनी. मी सांगतो ते खोटं आहे का? पीस खरंच तसं पडतं. फक्त हे पीस तसं पडत नाही, एवढंच. आता एवढ्यातेवढ्याचा काय बाऊ करायचा!

आणि एके दिवशी लेकीचा फोन आला.

लेक दुसऱ्या गावी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. ती या विषयाकडे वळली तीच मुळी पिसामुळे. सातवीत असताना बाबांच्या खेळाला पहिल्या रांगेत बसली, घरी आली आणि दोन दिवस उशी उसवून पिसं उडवत बसली. आईचा मार खाल्ला, पण पीस सोडलं नाही. पुढे कुणीही विचारलं, तू शास्त्राकडे कशी गं आलीस, की हिचं उत्तर तयार, "बाबांचं पीस बघितलं म्हणून."

"बाबा, शुक्रवारी वर्ग घेऊन येतेय. अडतीस पोरं आहेत," ती फोनवर म्हणाली. "मी धडा शिकवलाच नाहीये मुद्दाम. म्हटलं, पुस्तक बंद, माझे बाबा दाखवतील ते डोळ्यांनी बघा."

सगळ्या जगानं त्यांना खोटारडा म्हटलं असतं तर काका दोन दिवस नीट जेवले नसते आणि तिसऱ्या दिवशी विसरून गेले असते. पण ही पोर? हिच्या नजरेतून उतरलो तर मग आपलं राहिलं काय, या विचारानं त्यांना रात्रभर डोळा लागला नाही.

"अहो, सांगून टाका ना तिला फोनवर," बायको म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. नखं कापायची कात्री शेवटी तिचीच. "आपलीच पोर आहे, खाणार नाही तुम्हाला."

"शुक्रवारी बघू."

"शुक्रवारी तुम्ही काय बघणार? शुक्रवारी ती बघेल!"

फोन करायचं काही काकांना जमलं नाही. हातात घ्यायचे, ठेवून द्यायचे. आज पोरीला ताप असेल, उद्या बस बंद पडेल, असल्या आशेवर चार दिवस काढले. ताप आला नाही, बस बंद पडली नाही. शुक्रवारी बरोबर दहा वाजता अडतीस पोरं दोन-दोनच्या रांगेत आत शिरली आणि मागून लेक, बगलेत हजेरीपट, चेहऱ्यावर असा आनंद की काकांना तो बघवेना.

खेळ सुरू झाला. धूर सुटला, दिवे फिरले, ढॅण्टॅढॅण सुरू झालं. लेकीनं दोन मिनिटं सहन केलं आणि उठून सरळ दाराशी उभ्या असलेल्या संचालकांकडे गेली.

"हे गाणं बंद करा. मुलांना बाबांचं बोलणं ऐकू येत नाहीये."

"मॅडम, संगीत हा आमच्या विज्ञानाचा कणा आहे."

"मग तुमचा कणा तुमच्याकडेच ठेवा. मी माझी पोरं बाहेर झाडाखाली नेऊन शिकवते."

अडतीस डोकी आजच्या आकड्यातून वजा होणार म्हटल्यावर संचालकांनी निमूट बटण दाबलं. दालन एकदम शांत झालं. चौदा महिन्यांत काकांनी ते इतकं शांत ऐकलं नव्हतं. अरे बाप रे, काका मनात म्हणाले. पण का, ते त्यांना अजून कळलं नव्हतं. उसनं अवसान आणून त्यांनी डावी नळी उलटी केली.

नाणं टक्. पीस डुलत-डुलत आलं आणि अलगद टेकलं. पोरं खुदखुदली. मग पंप. दोन मिनिटं घरघर, कानात बोटं घालून पोरं मजा बघताहेत. पंप थांबला. काकांनी उजवी नळी धरली, श्वास घेतला आणि उलटी केली.

टक्-टिक्.

टाळ्या पडल्या. आकडा ब्याण्णव. लेक तर उभी राहून टाळ्या वाजवत होती. काकांचा जीव भांड्यात पडला. झालं, सुटलो! एवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. जाड चष्म्याची मुलगी होती.

"काका, पीस वाजलं कसं?"

"काय बाळ?"

"त्या नळीत एकच आवाज आला. नाण्याचा. पीस गुपचूप आलं. या नळीत दोन आवाज आले, टक् आणि टिक्. पीस कधी वाजतं का?"

स्टुलावर चढून-उतरून आठ दिवस काकांनी ते दोन आवाज एकमेकांच्या जवळ आणले होते. त्यातला एक मुळात असायलाच नको, हे सव्वीस वर्षं मुरलेल्या त्या कानांना सुचलं नव्हतं! आणि ज्या ढॅण्टॅढॅणला काकांनी रोज शिव्या घातल्या, त्यानंच इतके दिवस त्यांची अब्रू झाकली होती.

"म्हणजे... ते असं आहे... काच जी असते ना... ती काय करते..." काका ततपप करायला लागले आणि त्यांनी लेकीकडे बघितलं.

तिला कळलं होतं. तिनं पंपाकडे बघितलं, तोटीकडे बघितलं, शेवटी बाबांकडे. चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं होतं, विसरून राहिल्यासारखं. काकांना वाटलं, आता बोलेल, आता सगळ्यांसमोर माझी लक्तरं काढेल. काढू दे. तेवढी शिक्षा पाहिजेच.

ती पोरांकडे वळून म्हणाली, "छान प्रश्न आहे. हवा नसली की पीस खूप जोरात येऊन आदळतं. म्हणून त्याचाही आवाज होतो."

झालं! मॅडम काही म्हणाल्या की उतरवून घ्यायचं, ही त्या पोरांची सवय. अडतीस वह्या उघडल्या. काही जणांनी पट्टीनं समासही आखला. 'हवा नसली की पिसाचा आवाज होतो' असं अडतीस ठिकाणी लिहिलं जायला लागलं.

चष्मेवाली लिहीत नव्हती. "पण मॅडम, पीस तर मऊ असतं ना?"

"तू लिही आधी," लेक म्हणाली. कडक आवाजात, तिच्याकडे न बघता.

ते काकांना सोसलं नाही. स्वतः चौदा महिने लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकली, त्याचं काही वाटलं नव्हतं. पण आपल्या पोरीनं आपल्यासाठी एका विचारणाऱ्या पोरीचं तोंड बंद करावं? आपल्या पोरीनं? त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की ते ओरडलेच.

"लिहू नका! कुणी काही लिहू नका! खोटं आहे ते!"

पेनं थांबली. काकांनी उजव्या नळीची तोटी करकरून उघडली. सुस्स नाही, काही नाही. "ऐकलंत? हवा आत गेली नाही, कारण ती बाहेर काढलेलीच नाही. पंप मेलाय. चौदा महिने झाले." त्यांनी झाकण फिरवून काढलं, पीस बाहेर घेतलं आणि खाली उतरून चष्मेवालीच्या तळहातावर ठेवलं. "देठ दाबून बघ. आत शिसं आहे. मी घातलंय. तू बरोबर होतीस, मॅडम मला वाचवत होत्या आणि मी लबाड आहे."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "काका चोर!" आणि जो काय गदारोळ उडाला! पोरं बाकांवर उभी राहिली. शिट्ट्या, आरोळ्या, टाळ्या. पीस या हातातून त्या हातात फिरलं, प्रत्येकानं देठ दाबला, प्रत्येकानं "आहे रे, आहे!" म्हणून किंचाळून घेतलं. भिंतीवरचा आकडा एकशे अठरावर जाऊन लुकलुकायला लागला. केंद्राच्या इतिहासात एवढा आकडा कधी लागला नव्हता.

लेक मात्र हसत नव्हती. तिनं गोंधळ शमू दिला. "वह्यांत लिहिलंय ते खोडा," ती म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं. मुद्दाम सांगितलं." मग मंचावर चढून तिनं डाव्या नळीचं झाकण उघडलं, त्यातलं साधं पीस काढलं, बगलेतला हजेरीपट आडवा धरला आणि पीस त्याच्यावर ठेवलं. सगळ्यांना दिसेल असा तो हजेरीपट डोक्याइतका उंच नेला आणि सोडला. धप्प! पीस हजेरीपटावरच होतं. मध्ये कुठं सुटलं नाही, डुललं नाही, मागं राहिलं नाही.

"हजेरीपटानं खालची हवा दूर सारली, पिसाला वाट मोकळी मिळाली," ती म्हणाली. "आता कोण येतंय करायला?"

काका मंचाच्या कडेला टेकले. पंप, तीन अर्ज, नळवाला, आठ दिवसांची कातराकातरी, चौदा महिन्यांची लबाडी. आणि लागत काय होतं तर एक जाड वही! यंत्राच्या इतकं प्रेमात पडलेला माणूस यंत्राशिवाय विचारच करू शकत नाही, हे त्यांना आज, या वयात कळत होतं. पोरं गप्प होऊन मंचाभोवती जमली होती. एक सोडतंय, बाकीची गुडघ्यावर बसून डोळे बारीक करून बघताहेत, कुणी पीस काठावर ठेवून बघतंय, कुणी खाली. चष्मेवालीनं सलग चार वेळा करून बघितलं. भिंतीवरचा आकडा उतरत-उतरत एकतीसवर आला.

संचालकांनी तो एकतीस बघितला. मघाचा एकशे अठराही त्यांनी लिहून ठेवला होता. त्यांच्यासारख्या माणसाला विचार करायला आणखी काय लागतं?

"काका!" ते धावत आले आणि त्यांनी काकांना चक्क मिठी मारली. "काय कल्पना आहे! आधी सांगायचं नाही का? रोज करायचं हे. अकराला आणि तीनला. 'लबाड काकांना पकडा!' मी फलक करायला टाकतो. फक्त ते ओरडणं जरा आणखी जोरात होऊ द्या, 'लिहू नका' वालं. आणि शेवटचं ते वहीबिहीचं काढून टाकू, त्यात लोक थंड पडतात."

"साहेब, पंप..."

"पंपाची फाइल आजच बंद करतो! पंप आला तर तुम्ही पकडले कसे जाणार?"

बाहेर बस लागली होती. पोरं चढत होती, खिडक्यांतून काकांना "चोर काका, टाटा!" करत होती. अगदी प्रेमानं. लेक दाराशी उभी होती. काका जवळ गेले. माफी कशी मागायची याची वाक्यं त्यांनी जुळवून ठेवली होती, पण तीच आधी बोलली, हळू, पोरांना ऐकू जाणार नाही अशी.

"बाबा, मी सातवीत होते तेव्हाचं... ते तरी खरं होतं ना?"

"अगं, खरं म्हणजे काय! तेव्हा पंप नवा कोरा होता. पीस अगदी साधं होतं. तुझी शपथ."

शपथ घेऊन झाली आणि ती काकांच्या स्वतःच्याच कानाला खटकली. सव्वीस वर्षांत त्या मंचावरून त्यांनी एकही गोष्ट शपथेवर सांगितली नव्हती. सांगायची वेळच आली नव्हती, समोर करून दाखवता येत होती. आता दाखवायला हातात काही नव्हतं.

"बरं, बाबा," लेक म्हणाली. गृहपाठ केलाय पण वही घरी राहिली, असं सांगणाऱ्या पोराला ती म्हणत असेल, तशी. मग ती बसमध्ये चढली आणि पोरं मोजायला लागली.